आठशेची गोळी अन् भुऱ्याचे गोचीड

सरळ सांगतो, कुत्र्याच्या गोचीड-पिसवांवरची नेक्सगार्डची गोळी काम करते. नुसतं हो-नाही पाहिजे असेल त्यानं इथंच थांबलं तरी चालते. पण आपल्या खेड्यात कुत्रा काही बंगल्यातल्या गादीवर झोपत नाही, तो गोठ्याच्या तोंडाशी नाहीतर कुटाराच्या ढिगात झोपते, अन् तिथं नुसत्या गोळीनं भागत नाही. हे मला नऊ गोळ्या अन् वरून बरीच डोकेफोड झाल्यावर समजलं, म्हणून एवढं लांबण लावून राहिलो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. घरी बैलजोडी, एक गाय, चार बकऱ्या, कोंबड्या अन् भुऱ्या. भुऱ्या म्हणजे अस्सल गावठी, रंगानं भुरका, वावरात रानडुकराच्या मागं लागणारा, कोणत्या जातीचा हे कोणी विचारू नये. गोचीड आम्हाला नवीन नाहीत. लहानपणी बैलाच्या मानेखालचे गोचीड उपटून चुलीत टाकायचे अन् फटकन फुटले की खुश व्हायचं, हाच आमचा टाइमपास. त्यामुळं कुत्र्याला गोचीड असणं म्हणजे माणसाला घाम येणं, असंच वाटायचं. त्यासाठी पैसे खर्च करायचे असतात हे डोक्यातच नव्हतं.

मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरून राहिले होते अन् हा एकाच्याही मागं भुंकत गेला नाही, तिथंच समजायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकर सोडली. मी म्हटलं, खाल्लं असेल कुठं काही सडकं, होईल नीट. तिसऱ्या दिवशी आंग तव्यासारखं, हिरड्या पांढऱ्याफट अन् नाकातून रक्ताचा थेंब. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेला तर डॉक्टरांनी थर्मामीटर लावायच्या आधी त्याचा कान उलटा केला. आतून कान असा भरलेला, जशी काय एरंडाच्या बियांची ओंजळ चिकटवली. म्हणाले, हा टिक फीवर दिसते, रक्त तपासून घ्या. यवतमाळला तपासलं तर प्लेटलेट चाळीस हजाराच्याही खाली. निरोगी कुत्र्याचे दोन लाखाच्या आसपास नाहीतर वर असतात. एर्लिकिया नावाचा जंतू निघाला, तो गोचिडाच्या चाव्यातून रक्तात जाते. मग डॉक्सीसायक्लिन नावाच्या अँटिबायोटिक गोळ्या, २८ दिवस, रोज, जेवणावर. पाचव्या-सहाव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागते अन् आपल्याला वाटते झालं, आता कशाला गोळ्या, तर तसं करू नका, डॉक्टरांनी हे मला तीनदा बजावलं होतं. तपासणी, सलाईन अन् यवतमाळच्या चकरा धरून सहा हजाराच्या वर गेले. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पुढं गोळीच्या वेळी बोलले, ते सांगतो.

त्याच्या आधी आम्ही काहीच केलं नव्हतं असं नाही. पावडर टाकून पाहिली, ती भुऱ्यानं दोन मिनिटात मातीत लोळून जमिनीला दिली. ऑनलाइन पट्टा मागवला, गळ्यात बांधायचा. पट्ट्यातलं औषध हळूहळू कातडीवर पसरते, त्यासाठी तो दोन बोटं जातील इतका घट्ट पाहिजे, हे मी नंतर वाचलं. माझा लोंबत होता माळेसारखा अन् तुरीत कुठंतरी अडकून गेला तो गेलाच. तो खरा होता का डुप्लिकेट हेही सांगता येत नाही, छपाई पाहून मला तरी शंका होती.

स्प्रेबद्दल मात्र थोडं बोलतो, कारण त्याला लोक फुकट शिव्या देतात अन् मीही दिल्या. फिप्रोनिलचा ०.२५ टक्केवाला स्प्रे येते. त्याचा डोस वजनावर असते, किलोमागं ३ ते ६ मिली. मेडिकलवाला हे सांगत नाही अन् आपण डब्यातला कागद उघडत नाही. म्हणजे २३ किलोच्या कुत्र्याला कमीत कमी ७० मिली लागते अन् शंभर मिलीच्या बाटलीचा एक पंप अर्धा मिलीचा. हिशोब करा, १४० वेळा दाबायचं. तेही केस उलटे करून, कातडीपर्यंत ओलं होईस्तोवर, हातमोजे घालून. मी दहा-बारा वेळा फुसफुस केलं अन् वरून म्हटलं औषधात दम नाही. दुसरी गोष्ट, हे औषध कातडीच्या तेलात मिसळून राहते. आधीच्या-नंतरच्या दोन दिवसात आंघोळ घातली, साबण लावला, की काम बिघडते. भुऱ्या तर रोज नाल्यात. ज्यांचा कुत्रा लहान आहे, पाच-सात किलोचा, घरातच राहते, त्यांना स्प्रे स्वस्तात पडू शकते. ससा असेल घरी तर त्याच्या अंगाला हे औषध लावू नका, सशाला फिप्रोनिल चालत नाही.

आता जे आपल्या इकडं सर्रास चालते त्यावर येतो, राग आला तर येऊ द्या. कपाशीवर मारायचं औषध कुत्र्याला लावणं. घरी पंप असते, अर्धी बाटली उरलेली असते, माणूस म्हणते किडा तो किडा, मरते तर मरते. आमच्याच गल्लीत एकानं असं केलं, कोणतं औषध ते त्यालाही धड माहीत नव्हतं, बाटलीचं लेबल गेलेलं. कुत्र्यानं अंग चाटलं, तोंडाला फेस, पाय ताणले, तासाभरात खलास. अन् आपला जिल्हा म्हणजे काय, २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपलीच माणसं गेली, सगळ्या देशात यवतमाळचं नाव झालं, ते काही विसरायसारखं नाही. जे औषध अंगावर उडालं तर माणूस दवाखान्यात जाते, ते चाटून अंग साफ करणाऱ्या जनावराला कसं लावता राजेहो? शेतीच्या औषधात अन् जनावराच्या औषधात घटकाचं नाव कधी कधी एकच असते हे खरं, फिप्रोनिल शेतीतही वापरतात, पण किती टक्के अन् कशात मिसळलेलं हे वेगळं असते, अन् मरण तिथंच आहे. गोऱ्ह्याच्या पाठीवर ओतायचं औषध कुत्र्यावर ओतणं, रॉकेल लावणं, गोचिडाला काडीनं चटका देणं, हेही त्याच माळेतलं. सीताफळाच्या बियांची पूड आमची आजी उवांसाठी वापरायची, ती लावायचा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला, पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याची वाट लागते, अन् कुत्र्याला डोळे मिट म्हणून कोण सांगेल.

तर गोळी. भुऱ्या आजारातून उठला तेव्हा डॉक्टरांनीच सुचवली. अशा गोळ्यांच्या औषधाचं घराणं एकच, आयसोक्साझोलिन म्हणतात, त्यातले दोन-तीन घटक सांगतो, नाव वाचून घ्या, जीभ वळत नसली तरी. अफोक्सोलनेर म्हणजे नेक्सगार्डमधला, महिन्याला एक. सारोलनेर म्हणजे सिम्पारिकातला, तोही महिन्याचा. फ्लुरालनेर ब्रॅव्हेक्टोतला, तो एकदाच दिला की डब्यावर १२ आठवडे लिहिलेलं असते, पण एकदम पैसे मोकळे करावे लागतात अन् जेवणासोबतच द्यावी लागते. मी महिन्याची, अफोक्सोलनेरवाली घेतली. कारण साधं आहे, एकदम मोठी रक्कम काढायची म्हटलं की घरात मीटिंग बसते.

ही गोळी वजनाच्या पट्ट्यानं मिळते, २ ते ४ किलो, ४ ते १०, १० ते २५, २५ ते ५०. मी अंदाजानं भुऱ्या २८ चा धरला होता अन् वरच्या पट्ट्यातली घेणार होतो. डॉक्टर म्हणाले अंदाज बंद, मोजून या. आता खेड्यात कुत्र्याचा काटा कुठून आणायचा? गावातल्या अडतीवाल्याकडं सोयाबीन-कापसाचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तिथं नेला. भुऱ्याला उचलून उभा राहिलो, ९१ किलो ४०० ग्रॅम. मग मी एकटा, ६८. म्हणजे कुत्रा २३ किलो ४००. अडत्या वरून विचारते, "मॉइश्चर पाहू का बे याचं? भाव कट होईन." तिथं बसलेले सगळे हसले पण माझी महागाची चुकीची गोळी घेणं वाचलं. वजन दर दोन-तीन महिन्यांनी करा, पिलू असेल तर दर वेळी, नाहीतर वजनाचा पट्टा कधी बदलला ते कळतही नाही.

किंमत मला आठशेच्या वर पडली, एका गोळीची. त्याच्यावर बाबांचं भाषण झालं. "एका गोळीत युरियाच्या तीन बोऱ्या येतात बावा, अन् तो नाल्यावर जाऊन काय बी खाते, त्याले कायले गोळी?" हिशोब त्यांचा बरोबर आहे, २६६ रुपयाची बोरी, तीन येतात. मी म्हटलं बाबा, आजारपणात तेवीस बोऱ्या गेल्या, त्या तुम्ही मोजल्या नाही. मग ते बाजेवर तोंड फिरवून झोपले.

दिसायला ती चौकोनी, मऊ, मांसासारखा वास येते. जाहिरातीत कुत्रे उड्या मारून खातात, आमच्यानं पहिल्यांदा वास घेतला, तोंडात घेतली अन् पायाशी ठेवून दिली. मग पोळीला तूप लावून त्यात गुंडाळली तर गेली. तुकडे करून दिली तरी चालते पण सगळे तुकडे पोटात गेले पाहिजे, एखादा कोंबडीनं पळवला तर डोस अर्धा. दोन तासाच्या आत उलटी केली तर परत द्यायला लागू शकते, डॉक्टरांना फोन करून. आमच्याकडं तसं झालं नाही.

सकाळी नऊला दिली. संध्याकाळपर्यंत त्याचं खाजवणं निम्म्यावर आलं, रात्री तर चक्क झोपला, नाहीतर रात्रभर मागच्या पायानं दाराची कडी वाजवल्यासारखा खटखट आवाज यायचा. पिसवा पहिले मरतात, चार तासातच सुरुवात होते म्हणतात अन् मला तरी ते पटलं. सकाळी त्याच्या जागेवर काळ्या बारीक मेलेल्या पिसवा दिसल्या. गोचिडाला वेळ लागते, दोन दिवस धरा. मोठे फुगलेले गोचीड राखाडी, वाळल्यासारखे झाले, काही आपोआप पडले, काही मी चिमट्यानं काढले. कातडीच्या अगदी जवळ धरायचं अन् सरळ ओढायचं, पिळायचं नाही, नखानं चिरडायचं तर अजिबात नाही, त्यातलं रक्त आपल्या जखमेला लागायला नको. काढलेले मी साबणाच्या पाण्याच्या डबीत टाकतो. चुलीत फोडायचा खेळ पोरांचा बंद केला, पोरं नाराज आहेत.

खरी गंमत सहाव्या दिवशी झाली. बायको त्याच्या कानामागं हात फिरवत होती, तिथं एक जिवंत गोचीड. झालं. "आठशे रुपये नाल्यात टाकले तुमी." मीही गोंधळलो, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ही गोळी गोचिडाला येण्यापासून अडवत नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असते. गोचीड येईल, चिकटेल, रक्त पिईल, मग औषध त्याच्या पोटात जाईल अन् त्याच्या नसांचं काम बिघडून तो मरेल. म्हणजे चावल्याशिवाय मरत नाही. तुमच्या अंगणात जितके आहेत तितके भुऱ्यावर चढतच राहतील, फक्त परत उतरून अंडी घालायला जिवंत जाणार नाहीत. आमचा कुत्राच एका अर्थानं फवारणीचा पंप झाला. अन् म्हणूनच शंभर टक्के रोग टळतो असंही नाही, काही जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासातच रक्तात जाऊ शकतात. धोका लय कमी होते, शून्य होत नाही. हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे असं माझं मत आहे, निम्मी भांडणं वाचतील.

फायदा हा की अंगावर काही लागलेलं नसते. लहान पोरगी त्याच्या गळ्यात पडते, भुऱ्या नाल्यात डुंबते, त्याला शांपू लावा, काही फरक नाही. आमच्यासारख्या घरात हे फार मोठं आहे.

पण गोठा. कुत्र्यावर जो तपकिरी गोचीड असते तो बैलाच्या गोचिडाहून वेगळा आहे, हे मला चाळीस वर्षाचा झाल्यावर समजलं. बैलाच्या अंगावरचा नेहमीचा गोचीड पिलापासून मोठा होईस्तोवर त्याच जनावरावर राहते. कुत्र्याचा तसा नाही. तो पिलू असताना चढते, रक्त पिऊन उतरते, भिंतीच्या भेगेत जाऊन कात टाकते, परत चढते, परत उतरते, परत चढते. तीनदा ये-जा. शेवटी मादी उतरून हजारानं अंडी घालते अन् मरते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचा सगळा कारभार भिंतीत. अन् हा गोचीड वर चढणारा आहे, जमिनीवर शोधून उपयोग नाही. मी बॅटरी घेऊन रात्री पाहिलं तर शेणमातीच्या भिंतीच्या भेगात, दाराच्या चौकटीमागं, पार कवेलूच्या खालच्या लाकडापर्यंत. बायको म्हणे घर विका.

मग जे केलं ते असं. गुरं दोन दिवस वावरात बांधली, कोंबड्या शेजारी दिल्या. भेगा शेणमातीनं बुजवल्या, जिथं जमलं तिथं सिमेंट. भिंती चुन्यानं घेतल्या. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डेल्टामेथ्रिन, जनावराच्या औषधाच्या दुकानातलं, शेतीच्या नाही, लेबलवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून चौकटी, छपराची लाकडं अन् भेगांवर मारलं, मास्क-मोजे घालून. वाळल्यावरच जनावरं आत. मांजर असेल तर लय सांभाळा, या जातीची औषधं मांजराला सहन होत नाहीत, अन् उरलेलं पाणी नाल्यात-विहिरीत फेकू नका, मासे मरतात. तीन आठवड्यानं परत मारलं कारण अंड्यांना पहिल्या वेळी काही होत नाही, नवीन पिलं निघतात. कोंबड्या परत आणल्यावर त्यांनी अंगणातले गोचीड टिपून खाल्ले, ते फुकटातलं औषध. बैलांचे गोचीड वेगळे असले तरी त्यांचाही इलाज सोबतच करून घेतला.

हे झाल्यावर नोव्हेंबर ते मार्च भुऱ्यावर महिन्याला चार-दोन गोचीड, तेही मेलेले. मग मला हुशारी सुचली. एप्रिल-मे म्हणजे आपल्या इकडं ४५ च्या वर पारा, म्हटलं या उन्हात माणूस वाळून राहिला, गोचीड काय जगते. दोन महिने गोळी बंद केली, सोळा-सतराशे वाचवले. भुऱ्या उन्हाळ्यात कुठं झोपते? रांजणाखाली. पाणी झिरपून तिथली माती थंडगार ओली, वरून सावली. अन् गोचिडालाही नेमकी तीच जागा पाहिजे होती. मेच्या शेवटी रांजण हलवला तर तिवईच्या खालच्या बाजूला द्राक्षाच्या घडासारखे. परत पहिल्यापासून सुरू. तेव्हापासून मी बाराही महिने देतो अन् पैसे वाचवायची अक्कल दुसऱ्या कामाला लावतो.

पिसवांचंही तसंच आहे, फक्त त्यांचं घर कुटार. पिसू कुत्र्यावर अंडी घालते, ती खाली गळतात, कुटारात, पोत्यात, जुन्या गोधडीत. तिथं अळी होते, मग कोष, अन् कोषात ती महिनोन्महिने गप बसू शकते. कोणी जवळ आलं, जमीन हलली, श्वासाची हवा लागली की बाहेर. म्हणून महिनाभर बंद असलेली खोली उघडली की पायाला पिसवा लागतात, ते काही भूत नाही. पिसवा आहेत का नाही हे पाहायला सोपी युक्ती आहे अन् आपल्याकडं तिचं सामान घरोघरी आहे. केसात दिसणारे काळे कण ओल्या कापसाच्या बोळ्यावर घ्या, लालसर-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तर नुसती माती. भुऱ्याच्या झोपायच्या जागेचं कुटार मी पूर्ण उचलून शेतात टाकलं, गोणपाट उकळत्या पाण्यात घातलं. शेपटीखाली तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी, पिसू गिळल्यानं होतात. त्याचं औषध वेगळं, ही गोळी त्याला लागू पडत नाही.

कोणाला देऊ नये हे पण सांगतो कारण मेडिकलवाला विचारत नाही. आठ आठवड्याच्या आतलं पिलू, दोन किलोच्या खालचं, त्याला नाही. गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री असेल तर डॉक्टरांना विचारून. अन् ज्या कुत्र्याला झटके येतात त्याला तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. या घराण्यातल्या सगळ्याच गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, सप्टेंबर २०१८ मध्ये सूचना काढली होती, काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, झटके येऊ शकतात म्हणून. बहुतेकांना काही होत नाही, भुऱ्याला नऊ गोळ्यात काही झालं नाही, पण पहिल्या गोळीनंतर दिवसभर घरी राहा, देऊन वावरात निघून जाऊ नका. कोणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्तात टोचून देतो म्हणत असेल तर गोचिडासाठी त्याच्या नादी लागू नका, कोली जातीच्या अन् तिच्या संकरातल्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकते.

एक फालतू वाटेल पण सांगतो. २०१८ ला नागपूरकडं स्क्रब टायफस आला होता तेव्हा आमच्या गावातही लोक कुत्र्याच्या गोचिडावर बोट ठेवत होते. तो रोग गोचिडाचा नाही, चिगर नावाच्या अगदी बारीक किड्याचा, तो गवता-झुडपात असते. कुत्र्यानं काहीच केलं नव्हतं.

कुठून घ्यायची? दारव्ह्याला मला मिळाली नाही, यवतमाळला मिळते, ऑनलाइन पाच-दहा टक्के स्वस्त पडते. मी दोन्ही करून पाहिलं. ऑनलाइनमध्ये एक्सपायरी पाहून घ्या, पाकीट फोडलेलं तर नाही ना ते पाहा, अन् मे महिन्यात कुरियरची गाडी तापलेल्या पत्र्यासारखी असते, डब्यावर साठवायचं तापमान लिहिलेलं असते ते वाचून ठरवा. मी उन्हाळ्यात यवतमाळला जाऊनच आणतो, निमित्तानं बाकीची कामं होतात. शकुंतला, आपली जुनी छोटी रेल्वे, चालू असती तर बसून गेलो असतो, आता एसटी.

स्टार द्यायचेच तर चार देतो. पाचवा किमतीसाठी कापला, कारण ज्याच्याकडं दोन-तीन कुत्रे वावरात राखणीला आहेत त्या माणसाला महिन्याला अडीच हजार शक्य नाही, अन् गोचिडाचा त्रास त्यालाच जास्त आहे.

आता सध्याचा प्रश्न लंगड्याचा आहे. हा गल्लीतला कुत्रा, कोणाचाच नाही, रात्री येऊन भुऱ्याच्या बाजूला झोपते अन् स्वतःचे गोचीड आमच्या अंगणात सोडून जाते. जोपर्यंत तो तसाच आहे तोपर्यंत माझे पैसे अर्धे त्याच्यासाठीच चालले. भुऱ्याची अर्धी गोळी त्याला द्यावी असंही मनात आलं, पण मग दोघांचाही डोस बोंबलला. शेवटी गल्लीतल्या पोट्ट्यांना सांगितलं, गणपतीची वर्गणी मागता तशी याची मागा. कालपर्यंत साडेतीनशे जमले, बाबांनीही गुपचूप पन्नास दिले, मला बायकोनं सांगितलं. बाकीचे मी टाकतो. फक्त लंगड्याला उचलून अडतीवाल्याच्या काट्यावर कोण उभं राहीन हे अजून ठरलं नाही, कारण तो चावते.